दोन्ही दिवे सारखेच

मला फसवायला निघालेला माणूस मी लांबूनच ओळखतो, असा माझा बरीच वर्षं समज होता. त्यामुळे कॅमेऱ्याच्या दुकानात शिरलो तो भांडायच्या तयारीनेच.

दुकानदाराला सगळे प्रोफेसर म्हणायचे. वस्तू दाखवायच्या आधी तो व्याख्यान द्यायचा, आणि गिऱ्हाइकाने मध्येच तोंड उघडलं तर बोट वर करून गप्प करायचा.

"कॅमेरा दाखवा," मी म्हटलं. "चांगल्यातला."

"फोटो कशाचे काढायचेत?"

"दोऱ्यांचे."

त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि मी थट्टा करतोय का ते पाहिलं. मग मला सगळं सांगावं लागलं. माझ्या मामांचं दोऱ्यांचं दुकान आहे. भरतकामाचे, शिवणाचे, विणकामाचे दोरे, भिंतभर ड्रॉवर. त्यांना सगळ्या छटांचं एक कॅटलॉग करायचंय, म्हणजे बाहेरगावच्या लोकांना घरबसल्या पाहून दोरे मागवता येतील. ते फोटो मी काढणार. माझं पहिलंच काम. तोवर मी एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नट-बोल्ट काढून द्यायचो. ती नोकरी सोडली तेव्हा बायकोने एकच अट घातली होती: मामांचं काम अंगाशी आलं, तर निमूटपणे परत स्टोअरमध्ये जायचं. साहेबांनी माझी जागा अजून भरली नव्हती. हे शेवटचं प्रोफेसरला सांगायचं काही कारण नव्हतं, पण सांगून बसलो.

"मग तुम्ही उलट्या बाजूने सुरुवात करा," तो म्हणाला. "आधी लाइट, मग लेन्स, आणि उरले तर कॅमेऱ्याला पैसे. नवशिके सगळे पैसे कॅमेऱ्याच्या बॉडीत घालतात आणि फोटो काढतात घरातल्या ट्यूबखाली."

माझा हात तेव्हा नेमका एका काळ्याशार, जड बॉडीवर होता. काय तिची पकड, काय ते मेगापिक्सेल! प्रोफेसरने ती माझ्या हातातून हलकेच सोडवली आणि खालच्या फळीवरचं एक जुनं मॉडेल पुढे ठेवलं. "दोरा काही पळून जात नाही. हा पुरे." मी झूम मागितला, चांगला हातभर लांब. त्याने तोही नाकारला आणि एक आखूडशी मॅक्रो लेन्स लावून दिली, अगदी जवळच्या बारीक वस्तूंसाठी असते ती. "आता तुमच्या बाहीची शिवण बघा."

बघितली. मी थक्कच झालो. एका टाक्यात तीन पेड होते, एकमेकांना पीळ घातलेले, आणि प्रत्येकावर बारीक लव. इतकी वर्षं हा शर्ट मी अंगावर घालत होतो आणि त्यातलं मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. लेन्सच्या बाबतीत मी बिनशर्त शरण गेलो.

मग त्याने टेबलावर दोन एलईडी लाइट मांडले. एक महागातला, एक स्वस्तातला. खाली पांढरं कापड पसरलं आणि दोन्हीखाली आपला एकेक हात ठेवला.

"बघा."

"काय बघू?"

"फरक."

मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "दोन्ही दिवे सारखेच तर आहेत."

तो हसला. मी घासाघीस करतोय असं त्याला वाटलं असणार. "अहो, हा स्वस्तातला हिरवट मारतोय. माझा हात बघा, चार दिवस तापाने पडल्यासारखा दिसतोय."

मला तर दोन्हीकडे एकाच माणसाचे दोन धडधाकट हात दिसत होते. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. महागाचा माल गळ्यात मारायची ही नवीन तऱ्हा! "मला स्वस्तातलाच द्या," मी म्हटलं. तेव्हा त्याने निदान एक ग्रे कार्ड तरी न्या, असा हट्ट धरला. दोऱ्याशेजारी ठेवून त्याचा एक फोटो काढायचा, मग त्यावरून कॉम्प्युटरला सगळे रंग आपोआप सुधारून घेता येतात म्हणे. मी ते हातात घेऊन उलटंपालटं केलं. राखाडी पुठ्ठा होता.

"पुठ्ठाही विकता होय?" असं म्हणून मी छाती पुढे काढून बाहेर पडलो.

मामांच्या दुकानात मागच्या टेबलावर मी मांडामांड केली. मामी तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, त्यामुळे दुकानात मामा एकटेच. मामा म्हणजे शांत, नीटनेटका, कधी आवाज न चढवणारा माणूस, आणि मला लहानपणापासून भाचेबुवा म्हणणारा. ते एकेक ड्रॉवर आणून द्यायचे, मी रिळं ओळीने मांडायचो, फोटो काढायचो. प्रत्येक रिळाच्या बुडाशी छटेचा नंबर छापलेला असतो. ते बूडही फोटोत आलं पाहिजे, एवढीच मामांची सूचना होती.

रात्री घरी कॉम्प्युटरवर मी फोटो आणखी छान करायचो. त्यात एक पट्टी असते, इकडे सरकवली तर हिरवट आणि तिकडे सरकवली तर गुलाबीसर होते. मी ती सरकवत राहायचो आणि माझ्या डोळ्यांना बरं वाटलं की थांबायचो.

नमुन्याची पानं छापून आणली तेव्हा मामांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि एकूणएक पान बघितलं.

"वा, भाचेबुवा! फर्स्ट क्लास! एकेक नंबर कसा खणखणीत वाचता येतोय!"

मला आकाश ठेंगणं झालं. मामांनी लगोलग पानांचा एक संच भरतकामाच्या बाईंकडे पाठवूनही दिला. या बाई मोठा क्लास चालवतात आणि शहरातले यच्चयावत शिंपी आणि कपड्यांचे दुकानदार त्यांच्या शब्दाबाहेर नाहीत. "बाईंनी मान हलवली की तुझ्याकडे कामांची रांग लागली म्हणून समज," मामा म्हणाले.

दुसरा संच घेऊन मी घरी आलो आणि जेवणाच्या टेबलावर रुबाबात पसरला. आई आणि बायको दोघी वाकून बघायला लागल्या. कोणीच काही बोलेना. मला वाटलं, भारावल्या.

मग बायको फिस्सकन हसली. "अहो, हे काय? भुतांसाठी दोरे आहेत का?"

"म्हणजे?"

"गुलाबी कुठाय यात?"

"हा काय." मी नंबर बघून बोट ठेवलं.

"हा? हा न्हाणीघरातल्या शेवाळलेल्या फरशीसारखा आहे! आणि हा लाल म्हणायचा? अहो, पांढरं रीळसुद्धा हिरवं आलंय!"

मी चिडलो. प्रिंटरच्या नावाने बोटं मोडली, घरातल्या बल्बच्या नावाने मोडली, आणि कॉम्प्युटर उघडून तिच्यासमोर ठेवला. तिथेही तिला तेच दिसलं. मी पांढऱ्या रिळाकडे डोळे फाडफाडून बघितलं. पांढरं होतं.

आता मात्र ती हसायची थांबली. उठून विणकामाच्या पिशवीतून लोकरीचे दोन गुंडे घेऊन आली आणि माझ्यापुढे धरले. "यातला लाल कोणता?"

"मी काय बालवाडीत आहे?"

"सांगा ना."

मी बघितलं. दोन्ही सारखेच होते. एक जरासा गडद होता, इतकंच. मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं की जन्मभर मी हेच करत आलोय: जो जरा गडद दिसेल त्याला लाल म्हणायचं. आणि बरेचदा ते बरोबर येतं.

"हा," मी म्हटलं.

"हा हिरवा आहे," ती म्हणाली. आवाज इतका बारीक झाला होता तिचा, की मला त्याचीच जास्त भीती वाटली.

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय ते मला त्या टेबलापाशी कळलं. माझे शर्ट नेहमी आई नाहीतर बायकोच आणायची. सिग्नलला मी वरचा दिवा की खालचा तेवढं बघायचो. स्टोअरमध्ये सगळं लोखंड. बायका 'डाळिंबी', 'मोरपिशी', 'गुलबक्षी' म्हणत वाद घालायच्या तेव्हा मला वाटायचं, यांना उद्योग नाहीत. त्यांना खरोखरच काहीतरी दिसत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. प्रोफेसरचा तो तापाने पडलेला हात आठवला. तो खरं बोलत होता. आणि मी त्याला चोर ठरवून आलो होतो.

आई मात्र माझ्याकडे बघतच नव्हती. ती पानांकडे बघत होती.

"हे दादाने पास केलं?" तिने विचारलं. मामा तिचा थोरला भाऊ.

"एकूणएक पान बघून."

"मामी नव्हती ना तिथे," ती स्वतःशीच म्हणाली. मग पदर नाही की रुमाल नाही, हाताच्या पालथ्या बाजूनेच तिने कपाळ पुसलं. "माझ्या आजोबांना, आईच्या बाबांना, रंग दिसायचे नाहीत. लाल, हिरवा, सगळं मातकट. दादालाही दिसत नाहीत."

"कोणाला?"

"तुझ्या मामाला."

मी हसलोच. दुसरं काय करणार? ज्या माणसाकडे लोक गावोगावहून रंग जुळवून न्यायला येतात, त्याला रंग दिसत नाहीत! "अगं, मग दुकान कसं चालतं?"

"मामी रंग बघते आणि तो नंबर बघतो. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याने तिला सांगितलं. घराबाहेर कोणाला माहीत नाही. मला शपथ घातली होती."

"आणि मी? मी नोकरी सोडली, कॅमेरे आणले, लाइट आणले! तेव्हा तरी सांगायचंस!"

"काय सांगणार? तुला दिसत नाही हे मला कुठे ठाऊक होतं?" आईचा आवाज चढला. "तू लहान असताना मी धसका घेतला होता. आजोबांचं, दादाचं तुझ्यात उतरलं असेल तर? म्हणून सुट्टीत दुकानात नेऊन तुझी परीक्षा घेतली. रिळं पुढे मांडली आणि विचारत गेले. एकही चुकला नाहीस तू. मी रडले होते रे आनंदाने!"

परीक्षा मला आठवत होती. तिच्या आदल्या दिवसाचा खेळही आठवत होता. मामांनी मला मांडीवर घेऊन आधी एकेका रिळाचा रंग विचारला होता, आणि मग रिळं उलटी करून दाखवली होती. आधी बुडाचा नंबर बघायचा, मग तोंड उघडायचं. हा नंबर म्हणजे लाल, हा म्हणजे हिरवा. पाठ झाले की लिमलेटची गोळी. मला तो खेळच वाटला होता.

मी हे सांगितलं तेव्हा आईचा चेहरा बघवेना. म्हणजे मामांनी माझी परीक्षा तिच्या आधीच घेतली होती. त्यांना सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून त्यांनी मला रंगांचे फोटो काढायला बसवलं होतं.

त्या रात्री कोणाला झोप लागली असेल असं वाटत नाही. सकाळी मी पानं काखेत मारून दुकानात गेलो. मामी परत आली होती. शिडीवर चढून वरचे ड्रॉवर पुसत होती. मामा काउंटरवर.

मी पानं त्यांच्यापुढे आपटली. "मामा, हे पास कसं केलंत?"

"का? नंबर चुकलेत?"

"आईने सगळं सांगितलंय मला."

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं, कोणी गिऱ्हाईक नाही ना म्हणून. याचाच मला जास्त संताप आला. मामी शिडीवरून खाली उतरली, पानं हातात घेतली, आणि "अगं आई गं!" म्हणून स्टुलावर बसली.

"मला दिसत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"होतं."

"मग काम का दिलंत?"

मामा बराच वेळ रिळांची एक रांग सरळ करत राहिले. ती आधीपासून सरळच होती. "तू इतक्या हौसेने विचारायला आलास. नाही म्हटलं असतं, तर का ते विचारलं असतंस."

इतकं साधं कारण. मला खड्ड्यात जाऊ दिलं, कारण थांबवायला तोंड उघडावं लागलं असतं.

"अहो मामा, मी नोकरी सोडली यापायी!"

"दोरेवाल्याला रंग दिसत नाहीत, हे एकदा फुटलं की हे ड्रॉवर उघडायचे कोणासाठी, सांग?" मामा हळूच म्हणाले. "मला वाटलं, फोटो काय, कॅमेरा काढतो. त्याला दिसतंच की."

"आणि लहानपणी ते नंबर पाठ करून घेतलेत, ते?"

"मी शाळेत झाडाची पानं लाल रंगवली होती. मास्तरांनी चित्र घेऊन सगळ्या वर्गांत फिरवलं." त्यांनी वर बघितलं. "तुला कोणी हसू नये, एवढंच होतं रे माझ्या मनात."

राग होता तिथेच होता, पण त्याच्यापुढे आता ते लाल पानांचं झाड येऊन उभं राहिलं. मामी म्हणाली, "मी कधीची सांगत होते, त्या पोराला बोलवा आणि सांगून टाका. पण यांनी मूग गिळलेत ते गिळलेतच."

एवढ्यात भरतकामाच्या बाई आल्या. हातात माझी पानं, गुंडाळी करून, पोलिसाने दंडुका धरावा तशी.

"कोणी काढलेत हे फोटो?"

"मी," मी म्हटलं.

बाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "डोळे आहेत का तुला? या पानांवरून दोरे मागवले तर माझ्या मुली शेवाळी गुलाब भरतील! तुझ्या मामांच्या सांगण्यावरून मी चार शिंप्यांकडे तुझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. आता आजच सगळ्यांना कळवते, याला दारात उभं करू नका म्हणून."

खोटं काय होतं त्यात? कारखान्याचं फाटक, साहेबांचं 'आलात का परत', सगळं डोळ्यांपुढे आलं. मी मामांकडे बघितलं. मामांनी घसा साफ केला.

"नवशिका आहे हो तो, बाई," ते म्हणाले.

झालं. संपलं, मला वाटलं. बाईंनी मान उडवली आणि वळल्या. मामी मामांकडे नुसती बघत राहिली.

"बाई, थांबा," मामा म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "ती पानं मी पास केलीत. मला रंग दिसत नाहीत."

"काय?"

"लाल आणि हिरवा मला एकच दिसतात. जन्मापासून. या पोराचंही तसंच आहे. त्याला कालपर्यंत ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि मी सांगितलं नाही. तुम्हाला काय कळवायचंय ते माझ्या नावाने कळवा."

बाईंनी मान वर करून ती भिंत बघितली, खालच्या ड्रॉवरपासून छतापर्यंत. "मग माझी इतकी वर्षं... दोरे कोण जुळवून देतंय मला?"

मामीने वर्गात करतात तसा हात अर्धवट वर केला. "मी."

बाईंनी एकदा मामीकडे, एकदा मामांकडे बघितलं. पानांची गुंडाळी काउंटरवर ठेवली.

"तू," त्या मला म्हणाल्या. "परत काढणार आहेस, की पळणार?"

"काढणार," मी म्हटलं. माझ्या तोंडून ते कसं निघालं देव जाणे. "आधी लाइट बदलतो. आणि मामी शेजारी बसल्याशिवाय एकही पान छापायला देत नाही."

"मला आणून दाखव. रंग चुकला तर मी म्हटलं ते खरं करीन. आणि तुमचं..." त्या मामांकडे वळल्या, पण वाक्य काही पुरं झालं नाही. मान हलवत निघून गेल्या. त्या पुन्हा या दुकानात दोरा घ्यायला येणार की नाही, ते काही आम्हाला कळलं नाही.

मामा काउंटरला धरून उभे होते. त्यांनी माझ्या दंडाला धरून मला जवळ ओढलं.

"बाई फार भडकल्या होत्या का रे? चेहरा लाल झाला होता?"

"मामा," मी म्हटलं, "मला विचारताय?"

मामीने स्टुलावरून पानं गोळा केली आणि डोळे पुसले.

"लाल नाही," ती म्हणाली. "पांढराफटक पडला होता. तुम्हा दोघांचा पडलाय तसाच."